चुनकळीच्या उष्णतेचा हिशेब



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आज मी रसायनशास्त्रातली एक गोष्ट सांगायला उभी आहे. मुलीच्या पुस्तकातला हा भाग मी तिच्याकडून समजून घेतला आणि तो आपणा सर्वांच्या उपयोगाचा वाटला, म्हणून हे धाडस.

आता बहुतेक घरांना तयार रंग लागतो. तरीही गावाकडचे घर, अंगणातल्या झाडांचे बुंधे यांना दिवाळीआधी चुना देणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. चुनकळीला पाणी लागले की ती फसफसते, फुलते, वाफा निघतात, भांड्याला हात लाववत नाही. खाली जाळ नाही, मग ही उष्णता आली कोठून?

ती भट्टीतून आली. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि १०० किलो शुद्ध चुनखडीची ५६ किलो चुनकळी उरते. दगडातून हा वायू सोडवायला उष्णता खर्ची पडते. ५६ ग्रॅम चुनकळीमागे ती सुमारे ४२.५ किलोकॅलरी असते. ही उष्णता वाया जात नाही, पेढीवरच्या ठेवीसारखी शिल्लक राहते.

पाणी घातले की चुनकळी आणि पाणी यांचा संयोग होऊन विझलेला चुना तयार होतो. तेव्हा ठेवीपैकी १५.५ किलोकॅलरी एकदम बाहेर येतात. मग बाकीच्या २७ कोठे गेल्या? तोच चुना भिंतीवर बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो, पाणी सोडतो आणि परत चुनखडी होतो. त्या वेळी उरलेली उष्णता बाहेर पडते. मात्र या कामाला कित्येक दिवस, आठवडे लागतात, म्हणून भिंत हाताला गरम लागत नाही.

साडेपंधरा आणि सत्तावीस मिळून साडेबेचाळीस! हेस नावाच्या शास्त्रज्ञाने १८४० साली हाच नियम मांडला. आरंभ आणि शेवट तोच असेल, तर मधले टप्पे कितीही असोत, उष्णतेचा एकूण हिशेब बदलत नाही. आपल्या वाणसामानाच्या वहीत चूक निघेल, पण या वहीत निघायची नाही.

प्रत्येक वेळी उष्णता बाहेरच पडते असेही नाही. कल्हईवाल्याकडचा नवसागर पाण्यात विरघळवून पाहा, पाणी गार होते. तेथे उष्णता पाण्यातून ओढून घेतली जाते.

आता कामाचे बोलते. एक किलो चांगली चुनकळी पुरते पाणी प्यायली, तर तीन लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी उष्णता बाहेर पडते. म्हणून चुना विझवताना पसरट, उघडे, धातूचे भांडे घ्यावे. आधी पुष्कळ पाणी घ्यावे आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडावी. झाकण घट्ट लावू नये, वाफेने ते उडते. उरलेली चुनकळी कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

चुना नुसता गरमच नसतो, तो दाहकही असतो. विझून गार झाला तरी त्याचा दाह राहतो. आमच्या धाकट्या भावोजींच्या डोळ्यात चुन्याचा शिंतोडा उडाला, तेव्हा सासूबाईंनी तूप नाही की दूध नाही, त्यांना नळाखाली बसवले आणि वीस मिनिटे डोळ्यावर धार धरली. मगच दवाखाना गाठला. त्या धारेने डोळा वाचला, असे डॉक्टर म्हणाले. भगिनींनो, एवढे तरी घरी जाऊन सर्वांना सांगा. डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने खूप वेळ धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचे.