केसपेपरच्या आधी बाई

(आसनगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी बावीस वर्षे सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. आज कॅज्युअल्टीबद्दल बोलते. २०१४ पासून १०८ची गाडी आली हे चांगलेच झाले. पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून बाई दवाखान्यात पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. उरलेला दारात जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

एका पावसाळ्यात पहाटे एका कातकरी बाईला आणले. पोटात कळा येत होत्या. "गॅस असेल, केसपेपर काढा नि बसा," असे तिला सांगितले गेले. सांगणारी मीच. तासाभराने तिच्या पापण्या उघडेनात, थुंकी गिळवेना. रात्री ती जमिनीवर निजली होती. मण्यार चावला होता. त्याच्या दंशाला बहुधा सूज नसते, खूणही दिसत नाही. डॉक्टरांनी सर्पविषावरची लस दिली, फुग्याने श्वास देत तिला मोठ्या रुग्णालयात नेले. ती वाचली. पण तो तास मला अजून टोचतो. "रात्री कुठं निजली होतीस?" एवढेच मी विचारायला हवे होते.

आलेल्या प्रत्येकीची नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध दारातच पाहायला हवी. याला पाच मिनिटे लागतात. नंबर आधी आलेल्याचा नाही, जास्त गंभीर असेल त्याचा. पोटदुखी असेल तर पाळी चुकली आहे का, हे विचारायलाच हवे. गर्भ नळीत असला तर आतल्या आत रक्त जाते. आणि भाजलेल्या, विष प्यायलेल्या बाईशी नवरा-सासू बाजूला सारून बोलायला हवे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र काढले, ते याचसाठी. मारहाण झालेल्या बाईला मलमपट्टीबरोबर आधारही दवाखान्यातच मिळावा, हा त्यामागचा विचार.

पोलीस केस आहे म्हणून कुणी अडवले तर लक्षात ठेवा: परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जीव वाचवणे आधी, नोंदी नंतर. दवाखाना सरकारी असो वा खासगी.

बायांनो, शेजारणीला घेऊन जाल तेव्हा तिला एकटी सोडू नका. काय झाले, केव्हा झाले, ते नीट सांगा. आणि न घाबरता विचारा, "सिस्टर, हिचं बीपी पाहिलं का?" राग येईल कुणाला. येऊ द्या. मला त्या पहाटे असे कुणी विचारले असते, तर बरे झाले असते.