झोपेत पोर दात खातं तेव्हा

मागच्या महिन्यात कल्याण तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "माझा चार वर्षांचा पोरगा रात्री कराकरा दात खातो. सासूबाई म्हणतात जंत झालेत, तूच गोड खायला घालतेस." लगेच चारजणी म्हणाल्या, "आमच्याकडं पण!" महिन्याभरात त्याला दोन वेळा जंतांची गोळी देऊन झाली होती, वावडिंगाचं पाणीही चालू होतं. आवाज तसाच.

जंतांमुळेच दात खातात, असं सिद्ध झालेलं नाही. गोळी द्यायचीच, पण ती जंतांसाठी. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती फुकट मिळते, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. दात वाजले की मेडिकलमधून गोळी, हे नको.

मग दात वाजतात कशानं? झोप मधेच हलकी होते तेव्हा जबडा आवळला जातो. दुधाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात, त्या दिवसांत वरचे-खालचे दात एकमेकांवर घासतात. आईला किंवा बापाला सवय असेल तर पोरातही दिसते. सहाव्या वर्षापासून पक्के दात येऊ लागले की बहुतेकांचं आपोआप थांबतं.

मनावरचा ताणही असतो. नवी बालवाडी, धाकटं भावंडं, घरातली भांडणं. वाशिंद-आसनगावहून पहाटेची लोकल धरून ठाण्याला कामाला जाणाऱ्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. आई येईपर्यंत पोर मोबाइल बघत जागं राहतं, झोपायला अकरा वाजतात. लोकल आपल्या हातात नाही, मी कुणाला दोष देत नाही. पण झोपायच्या तासभर आधी मोबाइल बंद करून आजीनं गोष्ट सांगितली तर फरक पडतो.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच बघा. पोर तोंड उघडं टाकून झोपतं का? घोरतं का? मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का? नाकामागची गाठ किंवा टॉन्सिल वाढले की असं होतं, आणि अशी मुलं दातही जास्त खातात. चुलीचा धूर, वीटभट्टीची धूळ यानं नाक आणखी चोंदतं. असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. दात झिजून चपटे झाले, थंड-गरम झोंबतं, सकाळी जबडा किंवा डोकं दुखतं, तरीही न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सेविकाताईंना तारीख विचारून त्या दिवशी स्वतः जा. डॉक्टर पोराला दिवसा बघतात आणि दात वाजतात रात्री, म्हणून आवाज मोबाइलमध्ये भरून न्या. दातांसाठी मुंबईला पाठवलं तर शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे.

आणि रात्री आवाज आला म्हणून पोराला गदागदा हलवून उठवू नका. हळूच कुशीवर वळवा, पाठीवरून हात फिरवा.