चार दिवस आणि सेहेचाळीस वर्षे



वीरपुरुषाचे स्मरण करावयाचे म्हणजे त्याच्या पराक्रमाचा दिवस सांगावयाचा, असा आपल्याकडे प्रघात पडून गेला आहे. मेजर रामा राघोबा राणे यांच्याही बाबतीत तसेच झाले. ते परमवीरचक्राचे मानकरी. त्यांचा गाजलेला पराक्रम चार दिवसांचा. त्यानंतर ते ४६ वर्षे जगले. त्या ४६ वर्षांचे आपण काय करतो, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम ते चार दिवस सांगतो. राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. १९४० साली ते साधे शिपाई म्हणून सैन्यात शिरले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यांचे दल 'बॉम्बे सॅपर्स'चे. खडकीला ज्याचे मुख्य ठाणे आहे ते. पूल बांधणे, रस्ते काढणे, सुरुंग उकरणे हे या दलाचे काम.

एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. राजौरीत निरपराध माणसांची कत्तल चालली होती. वेळ थोडा होता. पण वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे तोडून रस्ता अडविलेला, आणि वरच्या टेकड्यांवरून शत्रूचा मारा. ८ एप्रिलला सुरुवातीसच राणे यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले आणि पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते परत फिरले नाहीत. पुढे एके ठिकाणी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि दोरीच्या हिसक्यांनी चालकाला इशारे देत, त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. ११ एप्रिलपर्यंत हे काम चालले. १२ तारखेस आपले सैन्य राजौरीत पोहोचले.

हा पराक्रम कोणत्या जातीचा आहे, पाहा. यात तलवार उगारून धावणे नाही. गुडघे टेकून, हाताने माती चाचपून, मागून येणाऱ्यांची वाट निर्धोक करावयाची आहे. घाई केली तर घात, थांबले तर मागच्यांचा घात. असे शौर्य आवेशाने साधत नाही. ते चिकाटीने साधते.

आणि चिकाटीचे काम कोठे लागते? संसारात लागते! राणे १९६८ पर्यंत सैन्यात राहिले. त्यांनी संसार मांडला, मेजर म्हणून निवृत्त झाले, पुण्यास राहिले, आणि ११ जुलै १९९४ रोजी येथेच निवर्तले. कोणाच्या घरात डोकावण्याचा व्याख्यात्याला अधिकार नाही. पण फौजी संसार कसा असतो हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. बदलीचा हुकूम आला की भांडीकुंडी बांधावयाची, मुलांची शाळा मोडावयाची. सरहद्दीवर नेमणूक झाली की घरच्या माणसांनी पत्राची वाट पाहावयाची. निवृत्तीनंतर पेन्शनमध्ये महिना बसवावयाचा आणि मुलींची लग्ने, मुलांची शिक्षणे पार पाडावयाची. या कामास गॅझेट नाही आणि पदकही नाही. त्यातला निम्म्याहून अधिक भार तर घरच्या बाईने उचललेला असतो; तिचे नाव मानपत्रात कधी येत नाही.

कारवारला राणे यांचा पुतळा आहे. २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. हे योग्यच झाले. परंतु पुतळा उभारला की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत होते, तिला माझा विरोध आहे. पुतळ्याला भाजी आणावी लागत नाही, औषधाचे पैसे मोजावे लागत नाहीत, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढावी लागत नाही. माणसाला हे सारे करावे लागते. आणि ज्याने रणांगण पाहिले आहे तो हे निमूटपणे करतो, यातच त्याचे मोठेपण मला अधिक दिसते.

आपल्या आळीत एखादा वृद्ध निवृत्त सैनिक असेल. २६ जानेवारीला त्याला हार घालावा, जरूर घालावा. पण इतर ३६४ दिवसांपैकी एखाद्या दिवशी त्याच्या ओट्यावर बसून त्याची हकीकत ऐकावी; आणि मग आत वळून त्याच्या पत्नीलाही विचारावे, "काकू, तेव्हा तुम्ही कसे निभावलेत?" ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल. नंतर केवळ शिलालेख उरतात, आणि शिलालेखांत घर मावत नाही.