अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा

अमरावतीहून गुरुकुंज मोझरीकडे जाताना वाटेत नांदगाव पेठ लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा हा मुलूख. इथे ऐन सप्ताहात अँप्लिफायर बंद पडला की भजनी मंडळाचा जीव टांगणीला लागतो.

जळक्या वार्निशचा वास आला, तर बहुधा ट्रान्सफॉर्मरच गेला. प्लग काढून मल्टिमीटरने प्रायमरी तपासावी. रीडिंगच आले नाही, तर वाइंडिंग किंवा आतला थर्मल फ्यूज तुटला. मात्र नवा बसवण्याची घाई नको! डायोड किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असतील, तर नवाही जळेल.

नव्याचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपिअर थोडे जास्त चालतात. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला, तर मशीन बहुधा ठीक. भगभगत राहिला, तर दोष आत अजून आहेच.