नंबर यंत्राचा, संशय माणसावर
(सणसर येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सणसर-भवानीनगर हा ऊस आणि दुधाचा पट्टा. इथल्या गोठ्यात गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर. लसीकरण, रेतन, विमा, सगळी नोंद त्या नंबरावर होते. त्यात वावगं काही नाही. गाय सभेला जात नाही, मतदान करत नाही. पण तसाच कायमचा नंबर आपल्या खिशातल्या यंत्राला असेल आणि ते यंत्र दिवसरात्र आपल्याबरोबर फिरत असेल, तर विचार करावा लागतो.

१९९९ साली इंटेल कंपनीने पेंटियम थ्री हा प्रोसेसर आणला. प्रत्येक प्रोसेसरमध्ये ९६ बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक होता. ऑनलाइन व्यवहारात संगणक ओळखता येईल, असं कंपनी सांगत होती. अमेरिकेतल्या खासगीपणासाठी झटणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. त्यांचा आक्षेप सरळ होता. दहा वेबसाइटनी हाच नंबर वाचला, तर माणूस काय वाचतो, काय विकत घेतो, हे विखुरलेले तुकडे एकत्र जोडता येतील. आणि हा नंबर पुसता येत नाही. नंबर बंद ठेवूनच प्रोसेसर विकू, असं कंपनी म्हणाली. पण सॉफ्टवेअरने तो पुन्हा चालू करता येतो, हे एका जर्मन नियतकालिकाने दाखवून दिलं. शेवटी २००० साली कंपनीने पुढच्या प्रोसेसरमधून हा नंबर काढून टाकायचं ठरवलं.

आता तुमच्या फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी नंबर येईल. तो आयएमईआय. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. सिम बदललं तरी हा नंबर तोच राहतो आणि मोबाइल नेटवर्कला तो दिसतो. याचा फायदाही आहे. फोन चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवर तक्रार करून तो देशभर बंद करता येतो. म्हणून नंबरच नको, असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नंबर यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. मी वापरलेला फोन विकला, तो तिसऱ्याच्या हातात गेला, तरी नंबर तोच. उद्या त्या फोनवरून काही गैर घडलं, तर चौकशी माझ्या दारापर्यंत येऊ शकते. आपल्या मुलांकडे आधीच संशयाने पाहिलं जातं, असं तुम्हीच मला सांगता. मग कागद जपायला नको का? जुना फोन घेताना पावती घ्या. केवायएम लिहून, जागा सोडून, आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळेल. विकताना तारीख, नंबर आणि घेणाऱ्याची सही ठेवा.

जाहिरातींसाठी फोनमध्ये आणखी एक ओळख-नंबर असतो. तो मात्र बदलता येतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाहिरातींच्या भागात जाऊन तो काढून टाका. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपना आयएमईआय वाचता येत नाही. लोकांनी प्रश्न विचारले की यंत्रंही बदलतात.

आणि हक्काचं काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी आधारच्या निमित्ताने दाखल केला होता. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं त्यात लिहिलं आहे. मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तिकडे आपलं लक्ष हवं.

बोलल्याने काही होत नाही, असं कुणी म्हणालं तर हे सांगा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने नव्या फोनवर संचार साथी ॲप आधीच बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. चोरीचे फोन शोधायला ते उपयोगी आहे, हे खरं. पण सक्ती का, असा प्रश्न देशभर विचारला गेला. ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. ॲप आजही आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं.

म्हणून कुणी नंबर मागितला, आधारचा असो, फोनचा असो, तर घाबरू नका आणि भांडूही नका. तीन गोष्टी विचारा. हा कशासाठी हवा? तो कोण कोण पाहणार? मी नाही म्हटलं तर काय होईल? उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. हे प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, वकील लागत नाही. घरी गेल्यावर आई-अब्बांच्या फोनपासून सुरुवात करा.