मांजर, कुत्रा आणि धुळ्याचं तिकीट

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे संविधान, शिक्षण, कायदे अशा मोठ्या विषयांवर चांगली भाषणं झाली. आयोजकांनी मला विचारलं, "तुझा विषय काय?" मी म्हटलं, "आमचं घर." ते हसले. मग म्हणाले, "बोल, पण पंधरा मिनिटं." म्हणून मी आमच्या घरातल्या तीन गोष्टी सांगते. एक मांजर, एक कुत्रा आणि जळगाव ते धुळे बसचं तिकीट.

आमचं घर जळगावला, आजोळ धुळ्याला. घरात आम्ही सहा जण: दादी, अब्बा, अम्मी, मी, धाकटा भाऊ आणि शक्कर. शक्कर म्हणजे मांजर. घरात आम्ही आपलं हिंदी-उर्दू बोलतो, शाळेत मराठी शिकलो आणि बाजारात भांडण झालं की तोंडातून अहिराणी निघते. शक्करला तिन्ही भाषा कळतात, ऐकत मात्र ती कोणत्याच भाषेत नाही.

शक्कर एका मे महिन्यात पत्र्यावरून आमच्या घरात उतरली. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि त्यातही वीज जाते. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून न्हाणीपाशी दोन ड्रम कायम भरलेले. ही आली ती थेट दादीच्या वजूच्या लोट्यात तोंड घालून पाणी प्यायली. मला वाटलं, आता दादी चप्पल फेकणार. दादीनं उलट लोटा वाकवून धरला. म्हणाली, मांजरीनं तोंड लावलं म्हणून पाणी नापाक होत नाही, ती घरात फिरणाऱ्यांपैकीच आहे. एका सहाबींनीही असंच भांडं वाकवून मांजरीला पाणी पाजलं होतं, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. दादीला लिहिता-वाचता येत नाही, पण ही हदीस तिला येते. अबू हुरैरा या नावाचा अर्थच मांजरीच्या पिल्लाशी जोडलेला आहे, हेही मला तिनेच सांगितलं.

तर मांजरीचा प्रश्न एका मिनिटात सुटला. कुत्र्याचा प्रश्न सुटायला दोन महिने लागले.

भावानं एका पावसाळ्यात केळीच्या ट्रकखालून एक भुरकं पिल्लू उचलून आणलं. त्याचं नाव भुऱ्या. अब्बांनी दारातच अडवलं, "हे घरात येणार नाही." दादी म्हणाली, जिथे कुत्रा तिथे फरिश्ते येत नाहीत. भाऊ रडला. मी मात्र रडले नाही, वाचायला बसले.

मी वाचलं ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'कुत्रा हराम' एवढंच माहीत असतं. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांची हकिकत आहे. त्यांच्यासोबत उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. ते तरुण किती होते यावर लोकांचे वेगवेगळे आकडे तिथे सांगितले आहेत, पण प्रत्येक आकड्यात कुत्रा मोजलेला आहे. सूरह माइदात शिकवलेल्या कुत्र्यानं धरलेली शिकार खायला परवानगी आहे. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केल्याची हदीस आहे. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याचीही आहे. फरिश्त्यांची हदीसही आहेच, दादी खोटं बोलत नव्हती. पण शेत, जनावरं आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे. इमाम मालिक यांच्या परंपरेत तर जिवंत कुत्रा नापाक मानलाच जात नाही. आपण खान्देशातले बहुतेक हनफी. आपल्याकडे त्याची लाळ नापाक मानतात. कोकणातले आपले भाऊबंद बहुतेक शाफई, तिथे नियम आणखी कडक. म्हणजे एकाच दीनमध्ये, एकाच कुत्र्याबद्दल, मोठमोठ्या इमामांची मतं वेगळी आहेत, आणि ती वेगळी असूनही कुणी कुणाला दीनबाहेर काढलं नाही.

हे सगळं मी जेवताना रोज थोडं थोडं वाढत होते. अब्बा एकदा चिडून म्हणाले, "तू आलिमा झालीस का?" मी म्हटलं, "नाही, पण वाचता येतं." शेवटी गल्लीतल्या मौलानांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, राखणीसाठी ठेवा, घरात आत नको, भांडं वेगळं ठेवा. संपलं. दोन महिन्यांचं भांडण दोन वाक्यांत मिटलं. भुऱ्या ओट्यावर आला. त्याला मातीचं परळ मिळालं. दादी त्याच्या बाजूनं जाताना ओढणी आवरून घ्यायची, पण भाकरीचा तुकडा रोज तीच पाठवायची.

त्या दिवसांत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. आपण वाचलं, प्रश्न विचारला, जिंकलो. आता मी माझी चूक सांगते.

भुऱ्या वर्षाचा झाला होता. शेजारच्या चाचींचा सात वर्षांचा मुलगा ओट्यावर खेळत होता. त्यानं जेवणाऱ्या भुऱ्याचं परळ ओढलं आणि भुऱ्यानं त्याच्या पोटरीला चावा घेतला. रक्त आलं. गल्ली जमली. कुणी हळद आणली, कुणी लाल तिखट, कुणी म्हणालं चुना लावा, कुणी दम करून घ्यायला सांगितलं. चाची रडत होत्या. आणि कुणीतरी मला विचारलं, "याला सुई टोचली आहे ना?"

नव्हती. मी दोन महिने फिकहवर वाद घातला, कहफ आणि माइदा पाठ केलं, पण त्या कुत्र्याला रेबीजची लस द्यायला नेलं नाही. आज नेऊ, उद्या नेऊ करत वर्ष गेलं. घरात हक्क मिळवायला मला वेळ होता, जबाबदारी पार पाडायला नव्हता.

मग जे करायचं ते केलं. तुम्हीही लक्षात ठेवा, कारण हे गल्लीत कधीही लागतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळात पाहून पंधरा. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. आणि लगेच सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतही वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो होत नाही. मधला मार्ग नाही.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. अब्बा दुकान बंद करून यायचे होते, चाचांची पाळी कारखान्यात होती. मी, चाची आणि तो मुलगा रिक्षानं सिव्हिलला गेलो. केसपेपर काढला, पहिली सुई झाली. त्या दिवसापासून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, या तारखा मी चाचींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्या. प्रत्येक वेळी मी सोबत गेले.

भुऱ्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं होतं. कुत्र्याला रेबीज असेल तर त्या दहा दिवसांत कळतं. गल्ली म्हणत होती, सोडून द्या लांब हायवेला. सोडून दिलं असतं तर कळलंच नसतं. ते दहा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. अब्बा रात्री दोनदा उठून टॉर्च लावून बघायचे, पाणी पितो का. ज्यांनी त्याला दारात अडवलं होतं, ते अब्बा. अकराव्या दिवशी भुऱ्या धडधाकट होता. बाराव्या दिवशी मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस दिली. आज ती दर वर्षी होते आणि तारीख आमच्याही कॅलेंडरवर लाल पेनानं असते.

आता तिसरी गोष्ट, तिकिटाची.

आमच्या घरात प्रवासाचे बेत फार होतात. दर सुट्टीत अब्बा पलंगावर बसून बेत आखतात. अजिंठा, तोरणमाळ, मुंबईला हाजी अली. अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटर. जगातून लोक विमानानं येतात, जळगावला उतरून लेणी बघायला जातात. आम्ही अजून गेलो नाही. कधी दुकान, कधी कुणाचं लग्न, कधी पाण्याचा दिवस, आणि आता शक्कर-भुऱ्याला कोण बघणार. एकदा सगळं जुळून आलं, डबे भरले, तर तो निघाला सोमवार. सोमवारी लेणी बंद असतात. ते डबे आम्ही मेहरूण तलावावर खाल्ले.

मग सगळे बेत धुळ्यावर येऊन थांबतात. जळगाव-धुळे नव्वद किलोमीटर, पण गाडी थेट नाही. जळगावहून सुरतेकडे जाणारी रेल्वे धुळे जिल्ह्यातून जाते, धुळे शहरात जात नाही. रेल्वेनंच जायचं तर आधी चाळीसगाव, तिथे गाडी बदलायची. म्हणून बस. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. त्या रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललं की भावाचं अख्खं बालपण त्या धुळीत गेलं.

2023 मध्ये मला धुळ्यात एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. मी बी.एस्सी. करून लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. सोमवार ते शनिवार नानीकडे राहायचं, शनिवारी रात्री घरी. अब्बा म्हणाले, "नोकरी कर. पण एकटी जायचं नाही." मी विचारलं, "का?" ते म्हणाले, "जमाना खराब आहे." मग पहिल्या दिवशी भाऊ सोबत आला, माझा मेहरम. वय पंधरा. एरंडोलपर्यंत तो माझ्या खांद्यावर झोपला, पारोळ्यानंतर त्याला उलट्या झाल्या. त्याची पिशवी मी धरली, त्याला पाणी मी पाजलं, धुळ्यात त्याला उठवून मी उतरवलं. मग संध्याकाळी त्याला एकट्याला परत बसवून दिलं, तेव्हा मात्र कुणाला जमान्याची काळजी वाटली नाही.

असं तीन आठवडे चाललं. भावाची शाळा बुडायला लागली. चौथ्या आठवड्यात नानी दारात उभी. धुळ्याहून एकटी आली होती. नानी पंच्याहत्तरच्या पुढची. तिनं पाणी प्यायलं, भुऱ्याकडे बघितलं, आणि अब्बांना म्हणाली, "बेटा, मैं अकेली आयी हूँ." मग पदरातून आधार कार्ड काढून दाखवलं. पंच्याहत्तर वर्षांपुढच्यांना 2022 पासून एसटी मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. "मला सरकारनं फुकट सोडलं, हिला अर्ध्यात सोडलं, तू पूर्ण भाडं घेऊनही सोडत नाहीस," असं ती म्हणाली. अम्मी स्वयंपाकघरात हसली, हे मी ऐकलं.

अब्बा म्हणाले, दीनमध्ये बाईनं मेहरमशिवाय प्रवास करू नये. नानी म्हणाली, 2018 पासून आपल्या देशातून पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायका चौघींचा गट करून मेहरमशिवाय हजला जातात. मक्का चालतं आणि पारोळा चालत नाही?

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग चाचींनी भिंतीपलीकडून आवाज दिला. त्या सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाईजान, त्या रात्री ही सोबत नसती तर मी माझ्या लेकराला तिखट लावून बसले असते."

सोमवारी पहाटे अब्बांनी मला एकटीला बसमध्ये बसवलं.

इथे टाळ्या वाजवू नका, गोष्ट संपलेली नाही. मला अजून एरंडोलहून एक फोन आणि पारोळ्याहून दुसरा फोन करावा लागतो. भाऊ आता पुण्याला जाऊन येतो, त्याला कुणी फोन मागत नाही. दादीला माझी नोकरी अजून पसंत नाही. शक्कर रात्री पत्र्यावरून कुठेही जाऊन येते, तिला घरात कुणी विचारत नाही. हे मी दादीला एकदा बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "तिला लोक नावं ठेवत नाहीत." खरं आहे ते. भीती बहुतेक वेळा दीनची नसते, लोकांची असते, आणि आपण तिला दीनचं नाव देतो. आधी ही दोन भितीं वेगळ्या करायला शिका. कुणाशी काय बोलायचं, ते मग कळतं. दीनचं असेल तर वाचा, विचारा, वेगवेगळी मतं शोधा. लोकांचं असेल तर चाचींना सोबत घ्या.

आणि वाद जिंकलात तर दुसऱ्याच दिवशी लस टोचून आणा. म्हणजे जे मागितलंत त्याची जबाबदारीही घ्या. मी एक वर्ष उशीर केला. एका लेकराच्या पोटरीवर त्याची खूण आहे, आणि मी दर ईदला ती बघते.

दर सोमवारी पहाटे अब्बा मला स्टँडवर सोडायला निघतात, तेव्हा भुऱ्या कोपऱ्यापर्यंत मागे येतो. कोपऱ्यावर अब्बा त्याला म्हणतात, "चल, घर जा." तो जात नाही, आम्ही वळेपर्यंत बसून राहतो.

पुढच्या महिन्यात आम्ही अजिंठ्याला जायचं ठरवलं आहे. या वेळी तारीख मी काढली आहे. रविवार आहे. भुऱ्या-शक्करला चाची बघणार आहेत.