हातचा न येणारा गुणाकार

कागद-पेन्सिल घेऊन बसा. आज एक मोठी संख्या आपण निवांत न्याहाळणार आहोत.

ओळीनं नऊ एक लिहा: १११११११११. खाली पुन्हा तेच मांडा आणि गुणायला घ्या. एकानंच गुणायचं असल्यामुळे प्रत्येक ओळीत तेच नऊ एक उतरतात. दर ओळ तेवढी एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळी झाल्या की रेघ मारा आणि उजवीकडून बेरीज करत चला. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं चढत मधल्या घरात नऊ. मग पुन्हा आठ, सात, सहा करत शेवटी एक. हातचा कुठेच नाही! उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१.

या कुळातल्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. संख्यांचं नाव आलं ते स्टेशनावरून: डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन. ६१७४ ही त्यांची संख्या जगभर पोचली, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं. तरी माझा जीव या डेम्लोवर, कारण तिची सगळी घडण शाळकरी मुलालाही स्वतःच्या हातानं उलगडता येते.

आता उत्तरातल्या अंकांची बेरीज करा. येते ८१. का? मांडलेल्या नऊ ओळींत नऊ-नऊ एक होते. हातचा न आल्यामुळे ते सगळेच्या सगळे उत्तरात जसेच्या तसे राहिले. आणखी बघा: १११११११११ ला नवानं भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला नऊ नव्वे एक्याऐंशीनं जाणारच. अंकांच्या बेरजेनं निःशेष भागली जाणारी संख्या म्हणजे 'हर्षद' संख्या. हे नावही कापरेकरांचंच. ८१ नं भागून जो भागाकार येतो, तो १२३४५६७९ चा वर्ग. त्या १२३४५६७९ मध्ये आठ नाही, हे लक्षात ठेवा.

एक काम तुमच्यासाठी. दहा एक घेऊन हाच गुणाकार करा. मधल्या घरात दहा येतात आणि पहिल्यांदाच हातचा निघतो. तो शेजारच्या नवात मिळून तिथेही दहा करतो, पुढे आठात मिळून नऊ. उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गेला तो असा.